धुराचा रंग आणि तांबडे दिवे

तुमच्या घरी किंवा शेजारी एखादी जुनी मोटारगाडी असेल, तर मालकाच्या परवानगीने एक गोष्ट पाहा. त्यांना किल्ली फिरवायला सांगा, पण इंजिन सुरू करू देऊ नका. डॅशबोर्डवर दोन-तीन तांबडे दिवे लागतील. एकावर तेलाच्या झारीचे चित्र असेल, दुसऱ्यावर बॅटरीचे. हातब्रेक ओढलेला असेल तर ब्रेकचाही दिवा लागेल. मग गाडी बिघडली आहे काय? मुळीच नाही. या वेळी हे दिवे लागलेच पाहिजेत. आता इंजिन सुरू करायला सांगा. तेलाचा आणि बॅटरीचा दिवा क्षणात विझेल. हेच दिवे गाडी धावत असताना लागले, तर मात्र गाडी थांबवावी लागते.

दिवा तोच, पण अर्थ वेगळा. तो केव्हा लागला यावर त्याचा अर्थ ठरतो. सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचेही असेच आहे. पांढरा धूर म्हणजे अमुक आणि निळा धूर म्हणजे तमुक एवढे पाठ करून भागत नाही. धूर केव्हा येतो, किती वेळ टिकतो, त्याला वास कसला आहे, हे प्रश्न विचारावे लागतात. हे प्रश्न ज्याला विचारता येतात त्याचे पुष्कळ पैसे वाचतात, आणि एखादे वेळी प्राणही वाचतात.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांपैकी सर्वांच्या ओळखीची म्हणजे मारुती ८००. ती १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर असून त्यांचे एकूण आकारमान ७९६ घन सेंटिमीटर आहे. सुरुवातीच्या गाड्यांत कार्बुरेटर होता, पुढच्या गाड्यांत पेट्रोल फवारण्याची यंत्रणा आली. पुढे जे सांगितले आहे ते मुख्यतः अशा गाड्यांना, तसेच पद्मिनी आणि अँबॅसडर यांसारख्या पेट्रोल गाड्यांना लागू पडते.

निरोगी इंजिनातून काय बाहेर पडते?

पेट्रोल हे हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून ते सगळे ऑक्टेन आहे असे मानू. ऑक्टेनच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. त्याचे पूर्ण ज्वलन झाले की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ही दोनच संयुगे तयार होतात. रेणुभार घेऊन गणित केले तर २२८ ग्रॅम ऑक्टेनपासून ३२४ ग्रॅम पाणी मिळते. म्हणजे १ किलोग्रॅम पेट्रोलपासून सुमारे १.४ किलोग्रॅम पाणी! एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७४० ग्रॅम असते. तेव्हा एक लिटर पेट्रोल जाळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. पेट्रोलच्या टाकीत जेवढे लिटर भरता तेवढेच लिटर पाणी सायलेन्सरमधून बाहेर जाते असे म्हटले तरी चालेल.

हे पाणी वाफेच्या रूपात असल्यामुळे एरवी दिसत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी सायलेन्सर गार असतो आणि बाहेरची हवाही गार असते. तेथे वाफेचे सूक्ष्म थेंब होतात आणि पांढरे धुके दिसते. इंजिन आणि सायलेन्सर तापले की ते नाहीसे होते. आपल्या तोंडातून थंडीत निघणाऱ्या वाफेचा प्रकारही हाच. सायलेन्सरच्या टोकाशी पाणी ठिबकत असेल तर तेही याच कारणाने. त्यात काळे कण दिसले तर घाबरू नये. ती नळीत साचलेली जुनी काजळी असते.

न जाणारा पांढरा धूर

इंजिन चांगले तापल्यावरही पांढरे ढग येतच राहिले तर मात्र विचार करावा लागतो. इतके पाणी आले कोठून? सिलिंडरभोवती थंड पाणी खेळवलेले असते. त्यात ग्लायकॉल मिसळलेले असते. इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे झाकण, ज्याला मेकॅनिक 'हेड' म्हणतात, यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. जळता वायू, पाणी आणि तेल यांच्या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याचे काम ही गॅस्केट करते. इंजिन जास्त तापून ही गॅस्केट जळाली की पाणी सिलिंडरमध्ये शिरते आणि वाफ होऊन बाहेर पडते. ग्लायकॉलमुळे त्या धुराला गोडसर वास येतो. (ग्लायकॉल विषारी आहे, ते हाताळले तर हात धुवावेत.)

पण एका खुणेवरून निकाल देऊ नये. आणखी पुरावा शोधावा. बाहेर कोठेही गळती नसताना पाण्याची पातळी रोज उतरते काय? तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढल्यावर तेल दुधाळ चहासारखे दिसते काय? दोन्ही उत्तरे 'होय' असतील तर संशय बळावतो. तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर दिसला आणि पट्टीवरचे तेल स्वच्छ असेल, तर ती केवळ थंड इंजिनात साचलेली वाफ असू शकते.

निळा धूर आणि उदबत्ती

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पण तेल काही निळे नसते. मग धूर निळा का?

यासाठी एक उदबत्ती पेटवा. तिच्या टोकापासून वर जाणारी धुराची रेघ काळ्या पार्श्वभूमीवर, उदाहरणार्थ फळ्यासमोर, पाहा. ती निळसर दिसेल. आता तीच रेघ उजेड येणाऱ्या खिडकीकडे तोंड करून पाहा. ती तपकिरी दिसेल. धूर एकच, रंग दोन! धुरातील कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असतात. असे कण निळ्या प्रकाशाचे विकिरण जास्त करतात आणि तांबड्याचे कमी. हे विकिरण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, असे रॅले या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये दाखवले. त्यानुसार निळ्या प्रकाशाचे विकिरण तांबड्याच्या सुमारे चौपट होते. बाजूला फेकला गेलेला प्रकाश निळा, आणि आरपार आलेल्या प्रकाशातून निळा वजा झाल्यामुळे तो तपकिरी. आकाशाच्या निळाईचे कारणही हेच. तापलेल्या सायलेन्सरमध्ये तेलाची वाफ होते आणि बाहेर येताच तिचे असेच अतिसूक्ष्म थेंब होतात. पाण्याच्या धुक्याचे थेंब यापेक्षा बरेच मोठे असतात. ते सर्व रंगांचे सारखेच विकिरण करतात, म्हणून धुके पांढरे.

तेलाचा धूर फार दाट झाला की तोही राखाडी-पांढरट दिसतो. तेव्हा रंगावर विसंबू नये. तो धूर कोठवर जातो ते पाहावे. पाण्याचे धुके थोड्याच अंतरावर विरून जाते, कारण थेंबांची पुन्हा वाफ होते. तेलाचे थेंब असे सहज उडून जात नाहीत. त्यांचा धूर गाडीमागे बराच वेळ तरंगत राहतो. दुसरी कसोटी कागदाची. मोकळ्या जागेत एखाद्या मोठ्या माणसाला सायलेन्सरपासून हातभर अंतरावर पांढरा कागद थोडा वेळ धरायला सांगा. कागद नुसता ओला होऊन वाळला तर पाणी, तेलकट डाग पडला तर तेल, आणि कोरडा काळा डाग पडला तर काजळी.

आता महत्त्वाचा प्रश्न. तेल सिलिंडरमध्ये येते कोठून? वाटा मुख्यतः दोन. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या तर तेल खालून वर येते. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी ऑइल सीले कडक झाली तर तेल वरून खाली झिरपते. या दोन दुरुस्त्यांच्या खर्चात मोठा फरक आहे. सीले बदलण्याचे काम वरच्या भागापुरते असते. रिंगा बदलायच्या तर पिस्टन बाहेर काढावे लागतात, आणि सिलिंडर झिजलेले असतील तर बोअरिंगही करावे लागते. म्हणून खर्चाला हो म्हणण्यापूर्वी वाट कोणती ते ठरवणे आवश्यक आहे.

येथेही 'केव्हा' हाच प्रश्न उपयोगी पडतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबला, तर दोष बहुधा सीलांचा. रात्रभर थेंबथेंब झिरपलेले तेल एकदम जळाले. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला असता सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर घ्यावा.

याची खात्री करण्याची एक सुंदर चाचणी मेकॅनिक करतात. प्लग काढून त्या भोकात दाबमापक बसवतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवून दाब मोजतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो साधारण १० ते १२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर येतो. समजा, एका सिलिंडरमध्ये तो बराच कमी आला. मग त्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजतात. तेलाने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. दाब वाढला तर दोष रिंगांत किंवा सिलिंडरच्या झिजेत. वाढला नाही तर तो व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये. दोन मोजमापे, आणि त्यांत बदललेली गोष्ट एकच. प्रयोगशाळेत आपण जे शिकतो तेच गॅरेजमध्ये चालते.

काळा धूर आणि त्याचा अदृश्य सोबती

एक किलोग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागते. आकारमानात सांगायचे तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! ही हवा कमी पडली की काही कार्बन जळायचा राहतो. त्याची काजळी होते आणि ती सर्व रंगांचा प्रकाश शोषते, म्हणून धूर काळा. हवेची गाळणी धुळीने भरली, चोकचे बटण ओढलेलेच राहिले, किंवा कार्बुरेटरमधील सुई नीट बसत नसल्यामुळे पेट्रोल जास्त येऊ लागले, तर असे होते. तिन्ही दोष तसे स्वस्तात निघणारे आहेत. प्लग काढून पाहिला तर त्यावर कोरडी काजळी दिसते. तेल जळणाऱ्या इंजिनाचा प्लग काळा पण ओलसर, तेलकट असतो. (डिझेल गाडी फार ओझे चढवताना काळा धूर सोडते; तिचे निदान थोडे वेगळे आहे.)

हवा कमी पडल्यावर काजळीबरोबर आणखी एक पदार्थ तयार होतो: कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो आणि शरीराचा प्राणवायू तोडतो. धूर दिसत नाही, म्हणजे धोका नाही, असे म्हणूनच कधी समजू नये. डोकेदुखी आणि गुंगी एवढीच काय ती सूचना मिळते, आणि गुंगी आलेल्या माणसाला ती सूचना कळतच नाही.

आपणच एक हिशेब करू. ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच असे बंद गॅरेज घ्या. त्यात ३७,५०० लिटर हवा मावते. लहान इंजिन जागच्या जागी चालू असताना मिनिटाला सुमारे १२० लिटर वायू बाहेर टाकते असे धरू. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. म्हणजे तपासणीत उत्तीर्ण होणारी गाडीही मिनिटाला ३.६ लिटरपर्यंत हा वायू सोडू शकते. दहा मिनिटांत ३६ लिटर. गॅरेजच्या हवेत त्याचे प्रमाण झाले ०.१ टक्का. अशा हवेत तास-दोन तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. वीस मिनिटांत प्रमाण दुप्पट होते. म्हणून बंद जागेत इंजिन कधीही चालू ठेवू नये. गाडी धुताना नाही, आणि बॅटरी चढवण्यासाठीही नाही. सायलेन्सरची नळी मध्येच सडून भोक पडले असेल तर हा वायू गाडीच्या आतही येऊ शकतो. सायलेन्सरचा आवाज बदलला तर तो लवकर दाखवावा असे म्हणतात, त्याचे एक कारण हे आहे.

दिव्यांची भाषा

दिव्यांच्या रंगांचा संकेत रस्त्यावरच्या सिग्नलसारखाच आहे. तांबडा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर तपासा, हिरवा आणि निळा म्हणजे केवळ माहिती. पण प्रत्येक दिवा नेमके काय मोजतो हे माहीत असावे.

तेलाचा दिवा तेलाची पातळी मोजत नाही, दाब मोजतो. इंजिनाच्या ठोकळ्यावर एक छोटा स्विच असतो. त्यात लवचिक पडदा आणि स्प्रिंग असते. तेलाचा दाब नसला की स्प्रिंग संपर्क जोडते आणि दिवा लागतो. पंपाने दाब दिला की संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. किल्ली फिरवताच दिवा लागतो तो याचमुळे. हा दिवा वळणावर लुकलुकला, तर तेल इतके कमी झाले आहे की वळणावर ते एका बाजूला सरकते आणि पंपाला मिळत नाही. थांबून पट्टीने पातळी पाहावी. सरळ रस्त्यावर तो लागून राहिला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. क्रँकशाफ्टचा ४.५ सेंटिमीटर व्यासाचा भाग मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर होतो. एरवी धातू आणि धातू यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. तो गेला की त्या वेगाने धातूवर धातू घासतो, आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा विचार येथे फार महाग पडतो.

बॅटरीच्या दिव्याची रचना मोठी गमतीची आहे. त्याचे एक टोक बॅटरीला आणि दुसरे आल्टर्नेटरला जोडलेले असते. आल्टर्नेटर नीट चालला की दोन्ही टोकांना सुमारे १४ व्होल्ट मिळतात. विभवांतर शून्य, म्हणून विद्युतधारा नाही आणि दिवाही नाही. आल्टर्नेटर थांबला की एका बाजूचे विभव उतरते आणि दिवा लागतो. काही जुन्या गाड्यांत आल्टर्नेटर जागा होण्यासाठी लागणारी सुरुवातीची धाराही याच दिव्यातून जाते. म्हणजे दिवा जळून गेला तर आल्टर्नेटर सुरूच होणार नाही, आणि ते सांगायला दिवाही नसेल! किल्ली फिरवताच सगळे दिवे लागतात की नाही हे पाहायचे ते यासाठी.

तापमानाच्या काट्यामागे एक थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रोध कमी होतो. पण तो पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचे तापमान सांगणार. पाणी सगळे वाहून गेले तर तो कोरडा पडतो आणि काटा खालीही येऊ शकतो. चढलेला काटा आपोआप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नये.

काटा तांबड्या पट्ट्यात गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. दाबामुळे आतले पाणी ११० °से.लाही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि त्यातले सुमारे २ टक्के पाणी क्षणात वाफ होते. २ टक्के थोडे वाटतात, पण एक लिटर पाण्यामागे ती वाफ सुमारे ३० लिटर जागा मागते आणि उकळते पाणी बरोबर घेऊन उसळते. चेहरा आणि हात भाजतात ते याच वेळी. अर्धा-पाऊण तास वाट पाहणे हाच उपाय.

ब्रेकचा दिवा हातब्रेक सोडल्यावरही विझला नाही, तर ब्रेकचे तेल कमी झाले असण्याचा संभव आहे. गळती असेल तर ब्रेक लागणारच नाहीत. तेव्हा तपासल्याशिवाय गाडी हलवू नये. पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. तो स्थिर असेल तर संगणकाने एखादा दोष नोंदवला आहे, गाडी लवकर तपासून घ्यावी. काही गाड्यांत तो लुकलुकतो. तेव्हा एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत असते, आणि न जळलेले पेट्रोल पुढे उत्प्रेरक नळकांड्यात जाऊन जळते व ते निकामी करते.

तीन कोडी

आता खालील तीन प्रसंगांचे निदान तुम्हीच करा. उत्तरे लगेच पाहू नका.

१. डिसेंबरातील सकाळ, गाव नाशिक. गाडी सुरू करताच पांढरे धुके आले आणि पाच मिनिटांनी थांबले. कागद ओला होऊन डागाशिवाय वाळला. पाण्याची पातळी महिनाभर तेवढीच आहे.

२. गाडी कसारा घाट उतरली. उतरताना चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता. पायथ्याशी त्याने तो दाबताच मागे निळा ढग उठला. सपाट रस्त्यावर धूर दिसत नाही.

३. धावत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला. चालक म्हणाला, "दिवसच आहे, बॅटरीवर घरी पोहोचू." चार-पाच किलोमीटरांनंतर तापमानाचा काटा वर चढू लागला.

उत्तरे: पहिल्या गाडीला काहीही झालेले नाही. दुसरीत व्हॉल्व्हची ऑइल सीले गेली आहेत. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि फिरत्या इंजिनामुळे आत मोठी निर्वात स्थिती निर्माण होते. तीच तेल ओढून घेते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ते जळते. तिसरीचा पट्टा तुटला आहे. अनेक जुन्या गाड्यांत एकच पट्टा आल्टर्नेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. चालकाने बॅटरीचा विचार केला तो बरोबर होता, पण पाणी फिरायचेही थांबले आहे हे त्याच्या लक्षात आले नाही. बॅटरीचा दिवा लागताच थांबून बॉनेट उघडले असते, तर हेड गॅस्केट जळण्याची वेळ आली नसती.